ओरेगॉनचा किनारा चार दिवसांत: पूर्ण करायचा की नीट बघायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडला उतरताय. हातात चार दिवस, तीन रात्री आणि भाड्याची गाडी. सोबत भारतातून आलेले सत्तरीतले आईबाबा आणि सात वर्षांची मुलगी, परतीचं विमानही पोर्टलंडहूनच. एवढ्यात उत्तर टोकाच्या अॅस्टोरियापासून दक्षिण टोकाच्या ब्रुकिंग्जपर्यंतचा सगळा किनारा होईल का, आणि फोनवर रोज ढग-पाऊसच दिसतोय तर हॉटेलं बुक करावीत का?

हॉटेलं बुक करा. सगळा किनारा करू नका.

मी इथे लहान गटांना गाडीने किनारा दाखवायचं काम करते, आणि जवळजवळ प्रत्येक नवा पाहुणा हाच बेत घेऊन येतो. नकाशावर तो अगदी शक्य वाटतो. ओरेगॉनमधला हायवे १०१ सुमारे ३६३ मैलांचा आहे, म्हणजे दिवसाला शंभर मैल धरले तरी चार दिवसांत होतो की! पण हा रस्ता दर थोड्या वेळाने एखाद्या गावातून जातो आणि तिथे वेगमर्यादा २५-३५ मैलांवर येते. मधल्या वळणांवर पुढे एखादी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, रेंगाळत असते. शिवाय दर दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "अगं, इथे थांब ना जरा." ज्येष्ठ मंडळी आणि लहान मूल सोबत असेल तर मी दिवसाला ७०-८० मैलांच्या वर किनारा धरत नाही. त्यातून ब्रुकिंग्जहून पोर्टलंडला परतायलाच पाच-सहा तास लागतात. म्हणजे तुमचा शेवटचा दिवस पूर्ण आतल्या आय-५ महामार्गावर जाणार. दक्षिणेकडचा बोर्डमन पार्कचा बारा मैलांचा पट्टा अप्रतिम आहे, नाही म्हणत नाही, पण त्यासाठी वेगळी सहल करा.

या किनाऱ्याचा नकाशा शिडीसारखा बघा. समुद्राकाठचा १०१ आणि आतला आय-५ हे दोन उभे बांबू. मधल्या पायऱ्या म्हणजे कोस्ट रेंजचे डोंगर ओलांडणारे रस्ते: पोर्टलंडहून कॅनन बीचकडे यूएस २६, टिलामुककडे हायवे ६, लिंकन सिटीच्या बाजूला हायवे १८, न्यूपोर्टहून कॉर्व्हॅलिसकडे यूएस २०, फ्लॉरेन्सहून युजीनकडे हायवे १२६. एका पायरीने समुद्रावर उतरायचं आणि दुसऱ्या पायरीने परत यायचं. तुमच्या चार दिवसांना २६ ने जाऊन १२६ ने परतणं बरोबर बसतं. वाटेत काही बिघडलं, कुणाला बरं वाटेनासं झालं, तर २० ने आधीच आत वळता येतं. जाताना उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. इथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे समुद्र तुमच्या उजव्या हाताला राहतो आणि समोरून येणारी वाहनं न ओलांडता प्रत्येक थांब्यावर शिरता येतं. आईंना पुढे बसवलंत तर अख्खा किनारा त्यांच्या खिडकीत येईल, आणि वळणांवर मळमळण्याचा त्रास पुढच्या सीटवर कमी होतो हा दुसरा फायदा.

आता हवामान. तुमची खरी चिंता तीच दिसते, पण माझ्या मते प्रश्न जरा चुकीच्या बाजूने विचारला गेलाय. "त्या दिवशी हवा चांगली असेल का?" याला या किनाऱ्यावर फारसा अर्थ नाही. एकाच जागी सकाळी नऊला धुकं, बाराला लख्ख ऊन आणि तीनला टोपी उडवणारा वारा, असा दिवस इथे अगदी नेहमीचा. फोनवरचं चित्र या सगळ्याचं मिळून एक ढगाचं चिन्ह दाखवतं. त्यावरून सहल रद्द करणं म्हणजे स्वतःवर अन्याय.

असं का होतं ते कळलं की बेत आखणं सोपं जातं. उन्हाळ्यात इथे वारा वायव्येकडून, किनाऱ्याला समांतर वाहतो. तो पृष्ठभागाचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून भर ऑगस्टमध्येही पाणी १०-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यावरून जाणारी दमट हवा गार होऊन धुकं बनते, आणि आतली दरी तापली की ते धुकं जमिनीकडे ओढलं जातं. गंमत अशी की पोर्टलंडमध्ये ३५ अंशांचा उकाडा असेल तेव्हाच किनाऱ्यावर १५ अंश आणि पांढरा पडदा असण्याची शक्यता जास्त. सप्टेंबरमध्ये हा वारा मंदावू लागतो, म्हणून आम्ही इथले लोक जुलैपेक्षा सप्टेंबर पसंत करतो. खऱ्या पावसाळी वादळांची रांग बहुधा ऑक्टोबरपासून लागते. सप्टेंबरचा उलटा धोका पूर्वेच्या वाऱ्याचा. तो आला की किनारा एकदम उबदार आणि स्वच्छ होतो, पण जंगलाच्या आगींचा धूरही त्याच वाऱ्याने येतो. २०२० च्या सप्टेंबरात लिंकन सिटीजवळच्या ओटिसमध्ये आग शिरली होती. निघण्याआधी हवेची गुणवत्ता बघाच.

पावसाबद्दल इतकंच की या दिवसांत आला तर बहुतेक झिमझिम, आडवा येणारा. छत्र्या घरी ठेवा, इथल्या वाऱ्यात त्या पहिल्या दहा मिनिटांत उलट्या होतात. प्रत्येकाला टोपीचं वारारोधक जॅकेट, आत लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि गाडीत मोज्यांचा एक जादा जोड एवढं पुरतं. आईंनी साडी नेसली तर हरकत काहीच नाही, फक्त वाळूवरच्या वाऱ्यात पदर सांभाळण्यातच वेळ जातो असं अनेक आयांनी मला सांगितलंय.

हवा बदलली की काय करायचं याचे माझे काही ठोकताळे आहेत. धुकं असेल तर समुद्राकडे डोळे लावून बसू नका, जंगलात शिरा. सिट्का स्प्रूसचं जंगल किनाऱ्यालगत काही मैलांच्याच पट्ट्यात आहे, कारण खारट वारा आणि हे धुकं त्याला मानवतं. त्या झाडांखाली धुकं हीच शोभा असते. ऑस्वाल्ड वेस्ट पार्कमधली शॉर्ट सँड बीचकडे जाणारी वाट त्यासाठी उत्तम, तुमच्या आईबाबांनाही सावकाश जमेल अशी. धुक्याचा थर कधीकधी पातळ असतो. तेव्हा केप पर्पेचुआच्या ८०० फूट उंचीवरच्या दर्शनस्थळी, जिथे गाडी थेट वर जाते, तुम्ही धुक्याच्या वर उभे राहू शकता. तेही जमलं नाही तर पाच-दहा मैल आत जा, बऱ्याचदा तिथे ऊन असतं.

वारा असेल तर भूशिराचा आडोसा शोधा. दुपारचा वायव्येचा वारा भूशिराच्या उत्तर बाजूवर आपटतो, आणि त्याच भूशिराच्या दक्षिण कुशीत लोक चादर पसरून बसलेले असतात. नैऋत्येकडून वादळ येत असेल तर हेच उलटं. नकाशावर समुद्रात घुसलेलं नाक दिसलं की आधी वाऱ्याची दिशा बघायची, मग कुठल्या बाजूला गाडी लावायची ते ठरवायचं. मात्र वारा खरोखर जोराचा असेल तर जंगलाचा सल्ला मागे घ्या, कारण तेव्हा फांद्या पडतात. त्या दिवशी न्यूपोर्टचं मत्स्यालय, अॅस्टोरियाचं कोलंबिया नदीचं सागरी संग्रहालय किंवा टिलामुकचा चीज कारखाना. तिथलं आईस्क्रीम तुमची मुलगी विसरणार नाही.

आणि मग भरती-ओहोटी. हवामानाचा अंदाज चुकतो, हिचा तक्ता सहसा चुकत नाही, तरी बहुतेक लोक तो बघतच नाहीत. कॅनन बीचचा २३५ फुटी हेस्टॅक रॉक भरतीला नुसता लांबून बघायचा खडक. ओहोटीला त्याच्या पायथ्याशी चालत जाऊन डबक्यांतले तारामासे आणि हिरवी समुद्रफुलं बघता येतात. थोडं दक्षिणेला हग पॉइंट आहे. जुन्या काळी इथे पुळण हाच रस्ता होता, आणि घोडागाड्यांसाठी खडकात कोरलेली वाट अजून दिसते, पण फक्त ओहोटीला. उशीर केलात तर भरती मागची वाट बंद करते. उलट डेपो बेचे खडकातून उडणारे फवारे आणि केप पर्पेचुआखालची डेव्हिल्स चर्नची घळ भरतीलाच बघायची. ओहोटीला तिथे बघण्यासारखं फारसं काही नसतं.

म्हणून मी दिवस असा आखते: ओहोटीच्या आधी दीड तास सपाट पुळणीवर पोहोचायचं, भरतीची वेळ खडकाळ कड्यांना द्यायची, आणि मधल्या वेळात जंगल, जेवण, दुपारची डुलकी. बाबा कोकणातले असतील तर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतील. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, इथे लावू नका. इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक चांगलीच खोल आणि दुसरी जेमतेम. उन्हाळ्यातली खोल ओहोटी बहुधा पहाटे-सकाळी येते. नोआच्या (अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेच्या) तक्त्यात तुमच्या दिवसांसाठी गॅरिबाल्डी किंवा न्यूपोर्टसारखं जवळचं ठिकाण निवडा आणि ओहोटीच्या पाण्याच्या उंचीचा आकडा बघा. शून्याच्या जवळ किंवा उणे असेल तर लवकर उठण्याचं सार्थक होतं. दोन फुटांच्या वर असेल तर झोपा खुशाल. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवसाची वेळ कळली की पुढचे दिवस अंदाजाने लागतात.

तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगते. पहिल्या दिवशी सकाळीच पोर्टलंड सोडा. संध्याकाळी २६ वर पश्चिमेकडे जाताना सूर्य थेट डोळ्यांत येतो, आणि तिन्हीसांजेला किनाऱ्याजवळ एल्क हरणं रस्त्यावर येतात. कॅनन बीच सुमारे ८० मैल, दीड तास. पहिली रात्र त्या भागात: कॅनन बीच महाग वाटलं तर सीसाइड किंवा मॅन्झनीटा. सीसाइडला समुद्राकाठी दीड मैलाचा सपाट काँक्रीटचा पादचारी रस्ता आहे, वाळूत पाय रुतायची भीती असणाऱ्यांना तो फार सोयीचा. या भागातल्या गावांत वाळूवर चालणारी फुगीर चाकांची खुर्चीही मिळते, आधी चौकशी करा.

अॅस्टोरिया मी वगळेन. छान गाव आहे, पण तुमच्या वाटेच्या उलट दिशेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी साधून मग दक्षिणेकडे. कॅनन बीच ते न्यूपोर्ट सुमारे ११० मैल, हा तुमचा सगळ्यात लांब टप्पा. माझ्या ७०-८० च्या मर्यादेबाहेरचा, म्हणून यात फार थांबे कोंबू नका. टिलामुकच्या पुढे 'थ्री केप्स'चा, म्हणजे तीन भूशिरांचा, वळसा आहे. हवा स्वच्छ असेल तरच तो घ्या, धुक्यात ती नुसती वळणं उरतात. डेपो बेला मात्र थांबा. इथे काही करडे देवमासे उत्तरेला न जाता जूनपासून ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्याजवळच खात राहतात, आणि रस्त्याला लागूनच्या भिंतीवरून, बोटीत न बसता, त्यांचे फवारे दिसतात. शेजारी राज्य सरकारचं देवमासे-निरीक्षण केंद्र आहे. दुर्बीण आणा.

दुसरी आणि तिसरी रात्र एकाच ठिकाणी, न्यूपोर्ट किंवा याहॉट्स. रोज बॅगा बांधणं आईबाबांना दमवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुक्काम हलत नसेल तर दिवस हवा तसा हलवता येतो. सकाळी धुकं, तर यक्विना हेडचं दीपगृह दुपारी. १८७३ सालचं, ९३ फुटी, ओरेगॉनमधलं सर्वांत उंच. दुपारी वारा, तर केप पर्पेचुआ सकाळी. समुद्रासमोरच्या खोलीसाठी दीडपट पैसे मोजू नका. १९६७ च्या 'बीच बिल' या कायद्यामुळे इथली पुळण सगळ्यांसाठी खुली आहे, मागच्या गल्लीतल्या हॉटेलातूनही तुम्ही पाच मिनिटांत त्याच वाळूवर पोहोचता.

जेवणाचं आधी ठरवून ठेवा. लहान गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठलाच बंद होतात, आणि आईबाबा शाकाहारी असतील तर ज्याला त्याला 'सूप आहे' म्हणून पुढे येणाऱ्या चाउडरमध्ये शिंपले असतात. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. खिचडीचा कुकर सोबत असलेली कुटुंबं या किनाऱ्यावर सगळ्यात खूश असतात, हे माझं निरीक्षण.

मुलीला समुद्रात डुंबायचं असेल तर घोट्यापर्यंतच, तेही तुमचा हात धरून. पाणी अंगात कळ आणणारं गार आहे, परतीच्या लाटेची ओढ आहे आणि बहुतेक पुळणींवर जीवरक्षक नाहीत. त्यातही दोन गोष्टींची मला खरी धास्ती वाटते. एक, शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक नेहमीपेक्षा कितीतरी वर चढणारी लाट. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. दुसरी, वाळूवर पडलेले अजस्र ओंडके. मुलांना ते चढायला बोलावतातच, पण टनावारी वजनाचा ओंडका काही इंच पाण्यातही तरंगून गडगडतो. लाट पोहोचू शकेल अशा ओंडक्यावर कुणीही बसायचं नाही, आजोबांनीसुद्धा. पोहण्याची हौस फ्लॉरेन्सजवळच्या हनीमन पार्कमध्ये भागवा. तिथे वाळूची टेकडी थेट क्लीवॉक्स तळ्यात उतरते आणि पाणी समुद्रापेक्षा पुष्कळ सुसह्य असतं.

त्सुनामीच्या निळ्या पाट्या जागोजागी दिसतील, आई घाबरतील. त्यांना सांगा की पाट्या आहेत म्हणजे वाट ठरलेली आहे. १७०० साली २६ जानेवारीला इथे महाभूकंप झाला होता, त्याच्या लाटा जपानपर्यंत गेल्या आणि तिथल्या नोंदींवरूनच ही तारीख कळली. नियम एकच: जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता पायी उंचावर जायचं. हॉटेलात शिरल्यावर भिंतीवरचा नकाशा एकदा बघा, पुरे.

गाडीचं थोडं. पाच माणसं आणि बॅगा, म्हणजे मिनीव्हॅनच. मुलगी सात वर्षांची आहे, आणि इथल्या कायद्याने आठ वर्षं किंवा ४ फूट ९ इंच उंची होईपर्यंत बूस्टर सीट लागते. गाडी घेतानाच मागून घ्या. काही पुळणींवर गाडी नेता येते, पण भाड्याची गाडी वाळूत अजिबात घालू नका. नकाशे आधीच डाउनलोड करा, कारण डोंगरात आणि भूशिरांवर नेटवर्क जातं. राष्ट्रीय पार्कांचा वार्षिक पास असेल तर तो केप पर्पेचुआ आणि यक्विना हेडला चालतो, राज्याच्या पार्कांत चालत नाही. त्यांतल्या काहींत गाडीमागे वेगळं शुल्क असतं. पार्किंगमध्ये बॅगा दिसतील अशा ठेवू नका. मागे गाड्यांची रांग लागली तर पुढच्या थांब्यावर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या, तुमचंही टेन्शन जातं.

चौथ्या दिवशी याहॉट्सहून फ्लॉरेन्स २६ मैल. वाटेत हेसीटा हेडचं १८९४ सालचं दीपगृह आहे. त्याच्यापर्यंत अर्ध्या मैलाची चढण आहे, आईबाबांना नको वाटली तर थोडं पुढे दक्षिणेला गेल्यावर रस्त्याकडेच्या थांब्यावरून मागे वळून बघा, नेहमीच्या फोटोंतलं दृश्य तेच. हनीमनला तासभर खेळून १२६ ने युजीन आणि तिथून आय-५ ने पोर्टलंड. फ्लॉरेन्सहून एकूण १७० मैलांच्या आसपास, न थांबता तीन तासांहून जास्त, आणि सेलमच्या पुढे संध्याकाळी गर्दी होते. विमान रात्री आठनंतरचं असेल तर हे जमतं. दुपारचं असेल तर हनीमन तिसऱ्या दिवशीच उरका आणि चौथ्या दिवशी न्यूपोर्टहून यूएस २० ने थेट निघा. निघण्याआधी ट्रिपचेक या ओरेगॉनच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर रस्त्याचे कॅमेरे बघा, दरड किंवा दुरुस्ती असेल तर तिथेच कळेल. विमानाची वेळ तुम्ही लिहिलेली नाही. ती कळवलीत तर शेवटचा दिवस नेमका मांडून देते.